रेसिडेंट डॉक्टरांसाठी पीबीएल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समस्याधारित अध्ययन, म्हणजेच पीबीएल, आपल्या विभागात सुरू करावं असं वाटणारे सहकारी आणि त्यात बसलेले रेसिडेंट आम्हाला जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. नागपूरच्या वॉर्डांमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही, हे डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे येतात.

१. पीबीएल म्हणजे नेमकं काय? केस प्रेझेंटेशन तर आम्ही रोजच करतो.

केस प्रेझेंटेशनमध्ये सादर करणाऱ्याला निदान आधीच माहीत असतं. हिस्ट्री, तपासणी, रिपोर्ट सगळं नीट लावून तो उभा राहतो आणि सर त्याला प्रश्न विचारतात. पीबीएलमध्ये गटासमोर आधी एक अर्धवट समस्या येते. वाचन नंतर. आपल्याला काय माहीत आहे, काय नाही, हे गट स्वतः ठरवतो, वाचायचे मुद्दे काढतो, आणि काही दिवसांनी पुन्हा बसून वाचलेलं त्याच समस्येला लावून पाहतो. लेक्चरच्या शेवटी उदाहरण म्हणून दिलेली केस हे पीबीएल नव्हे. वाचून यायला सांगून शिक्षक प्रश्न विचारत उत्तरापर्यंत नेतात ती केस-बेस्ड पद्धत. तीही चांगली आहे, पण तिथे प्रश्न शिक्षकाचे असतात. रेसिडेंटने स्वतः प्रश्न काढायला शिकावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

२. ही पद्धत आली कुठून?

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली नवा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला, तिथून. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला १९७४ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाखेने ती स्वीकारली आणि तिला सात पायऱ्यांचा साचा दिला. आजही अनेक ठिकाणी हाच साचा वापरतात. त्याच १९६९ मध्ये आपल्या शेजारी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथे विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी गावात राहायला नेतात. समोरच्या माणसाच्या अडचणीपासून शिकायला सुरुवात करणं विदर्भाला नवं नाही.

३. एमबीबीएसच्या मुलांचं पीबीएल आणि रेसिडेंटचं पीबीएल यात फरक काय?

फार मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न घेता एमबीबीएसचीच सत्रं रेसिडेंटना दिली की ते कंटाळतात. एमबीबीएसचा विद्यार्थी समस्येच्या निमित्ताने शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र शिकतो. त्याच्यावर कोणाची जबाबदारी नसते. जेआर-१ ला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला, आज रात्री तसाच रुग्ण बघायचा असतो, म्हणून त्याच्या समस्येत निर्णय हवा: आता काय करायचं, कोणाला बोलवायचं, कशाची वाट पाहायची.

दुसरा फरक शेवटाचा. आमच्याकडे सत्र तेव्हाच पूर्ण झालं असं धरतात, जेव्हा शिकलेल्यातली निदान एक गोष्ट वॉर्डात परत जाते. ती नोंदीच्या कागदातला एक रकाना असेल, कॅज्युअल्टीत विचारायचा एक प्रश्न असेल किंवा ड्युटी सोपवताना सांगायचं एक वाक्य असेल. पुढच्या उत्तरातलं उदाहरण पाहा.

४. एक सत्र प्रत्यक्षात कसं चालतं?

सहा ते आठ रेसिडेंट, एक फळा, एक फॅसिलिटेटर, म्हणजे उत्तर न सांगता गटाला वाटेवर ठेवणारा शिक्षक. रेसिडेंटपैकी एक जण चर्चा चालवतो, एक फळ्यावर लिहितो. दोन बैठका, मध्ये चार-पाच दिवस. पावसाळ्याच्या तोंडावर वापरायची ही एक रचलेली समस्या. पहिला कागद असा:

‘जुलै. उमरेड तालुक्यातला २६ वर्षांचा शेतमजूर. रात्री घरात जमिनीवर झोपला होता. पहाटे चारला पोटदुखी आणि उलटीने जाग आली. जवळच्या दवाखान्यात पोटाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी नऊला बायको घेऊन येते. म्हणते, “पोट लय दुखून राहिलं म्हणत होते, आन् आता तर डोळे उघडूनच नाही राहिले त्यांचे.” नाडी ९६, रक्तदाब १३०/८०, ऑक्सिजन ९७ टक्के. अंगावर जखम दिसत नाही.’

पहिली पायरी: न कळलेलं स्पष्ट करणं. ‘डोळे उघडत नाहीत’ म्हणजे शुद्ध हरपली की पापण्या पडल्या? हे कोणी विचारतं का, याकडे फॅसिलिटेटरने कान देऊन बसावं. न विचारता सगळे पुढे गेले, तर तिथेच थांबवावं, कारण पुढची अख्खी चर्चा या एका उत्तरावर उभी आहे. दुसरी: समस्या एका वाक्यात मांडणं, जसं ‘पोटदुखीनंतर काही तासांत पापण्यांचे स्नायू कमजोर’. तिसरी: सुचेल ते फळ्यावर. गियां-बारे, मायस्थेनिया, बोट्युलिझम (तिन्हींत स्नायू कमजोर होतात), पोटॅशियम कमी, फवारणीच्या औषधाची विषबाधा, साप. चौथी: या यादीला शिस्त लावणं. बिघाड मज्जातंतूत, मज्जातंतू-स्नायूच्या सांध्यावर की स्नायूत? कशाच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय?

आता दुसरा कागद: लाळ गळत नाही, बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत, २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं, उशीवरून मान उचलता येत नाही, एका श्वासात जेमतेम १२ पर्यंत आकडे मोजतो. इथे बहुतेक गट मण्यारवर येतात. मण्यारचा दंश दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी हे त्याचं नेहमीचं रूप आहे.

पाचवी पायरी, वाचायचे मुद्दे. निदान झालं म्हणून गट उठायला लागतो, पण खरी मेहनत इथे आहे. ‘सर्पदंश वाचून येणे’ हा मुद्दा चालत नाही. हे चालतात: नागाच्या दंशात निओस्टिग्मिनने फरक पडतो, मण्यारच्या दंशात तो इतका का पडत नाही? अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिल्यावरही पक्षाघात का वाढत जातो? ऑक्सिजन ९७ असताना श्वास संपत चालल्याचं कशावरून ओळखायचं?

सहावी पायरी वाचन. सातवी दुसरी बैठक. मण्यारचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, तिथून रसायन सुटणंच थांबतं, त्यामुळे उरलेलं रसायन टिकवणारं निओस्टिग्मिन फारसं कामाला येत नाही. झालेली इजा अँटिव्हेनमने परत फिरत नाही, म्हणून श्वासाला आधार देऊन माणूस सावरेपर्यंत तो टिकवावा लागतो. आणि ऑक्सिजनचा आकडा घसरतो तो सगळ्यात शेवटी, मान आणि मोजणी त्याच्या आधी सांगतात. यातून वॉर्डात जायची गोष्ट ठरते: सर्पदंशाच्या नोंदपत्रावर मान उचलणं आणि एका श्वासातली मोजणी यांचे दोन रकाने, दर तासाला भरायचे.

५. आमच्या रेसिडेंटना जेवायला वेळ मिळत नाही. हे कधी करायचं?

ही अडचण खरी आहे आणि तिच्यावरून कोणी रेसिडेंटना आळशी म्हणू नये. वाढीव तास मागू नका. आठवड्याच्या एका सेमिनारची जागा पीबीएलला द्या. पहिल्या बैठकीला ५० मिनिटं, दुसरीला तासभर पुरतो. त्या वेळात गटाचे फोन सिनियर रेसिडेंट किंवा लेक्चरर सांभाळतील, हे विभागप्रमुखांनी लेखी ठरवावं. तोंडी ठरलेलं पहिल्याच डेंग्यूच्या आठवड्यात मोडतं. रात्रपाळी करून आलेल्या रेसिडेंटला बसवू नका, त्याला झोपू द्या. आणि वाचनासाठी मधल्या दिवसांत अॅडमिशन डे (नवे रुग्ण दाखल करून घ्यायचा दिवस) येत असेल, तर मुद्दे कमी ठेवा. तीन मुद्दे नीट वाचलेले बरे.

६. चांगली समस्या कशी लिहायची? तयार संच वापरले तर चालणार नाही का?

बाहेरचे तयार संच पाहायला हरकत नाही, पण आपल्या कॅज्युअल्टीत जो येतो तो कागदावर यायला हवा. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत येणारा रुग्ण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, सीमेपलीकडे बालाघाट-छिंदवाड्यातूनही आलेला असतो. वाटेत दोन-तीन ठिकाणी औषधं झालेली असतात, चिठ्ठ्या अर्धवट असतात. समस्येतही ते तसंच ठेवा. साफसूफ केलेली हिस्ट्री द्याल, तर रेसिडेंटला सगळ्यात कठीण काम, म्हणजे गोंधळातून कामाचं वेचणं, शिकायलाच मिळणार नाही.

ऋतूप्रमाणे लिहा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तापाने बेशुद्ध आलेला बांधकाम मजूर द्या. कोणीतरी पॅरासिटामॉल लिहून मोकळा होईल. उष्माघातात ते उपयोगाचं नाही, कारण मेंदूतला तापमानाचा बिंदू वर गेलेलाच नसतो. तिथे अंग थंड करणं हाच उपचार. पावसाळा सरताना सहा दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आणि धाप लागलेली शेतकरी बाई द्या. दुसऱ्या कागदावर काखेतला काळा खपलीसारखा डाग ठेवा, पण गटाने ‘अंग पूर्ण उघडून तपासलं का’ असं विचारलं तरच तो कागद द्या. तो डाग म्हणजे स्क्रब टायफस पसरवणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्याची खूण, आणि या तापाला डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. तो डाग शोधायची सवय वाचनाने लागत नाही, अशा एका चुकलेल्या प्रश्नाने लागते.

रुग्णाचे शब्द रुग्णाचेच ठेवा. ‘पापण्यांची कमजोरी’ असं लिहिलंत की निम्मं निदान तुम्हीच केलंत. ‘डोळे उघडूनच नाही राहिले’ याचं वैद्यकीय भाषेत रूपांतर करणं हे रेसिडेंटचं काम आहे.

लांबी दहा-बारा ओळी. शीर्षकात रोगाचं नाव नको. आणि लिहून झालं की जेआर-२ ला वाचायला द्या. त्याने दोन मिनिटांत उत्तर सांगितलं, तर समस्या फार सोपी आहे.

७. फॅसिलिटेटरने गप्पच बसायचं का? त्या विषयाचा तज्ज्ञ लागतो का?

गप्प बसायचं नाही, उत्तर सांगायचं नाही. ‘असं का वाटतं?’, ‘याच्या विरुद्ध काय आहे?’, ‘हे कुठे वाचलंत?’ एवढ्या तीन प्रश्नांवर बहुतेक सत्र निभतं. रेसिडेंटच्या पातळीला विषयाची जाण असलेला माणूस हवाच, कारण वरवर बरोबर वाटणारी चूक अजाण माणसाला ऐकू येत नाही. मात्र त्या विषयातल्या सगळ्यात मोठ्या नावाला बोलवाल, तर विसाव्या मिनिटाला लेक्चर सुरू होतं. शिकवायची हौस असलेल्या चांगल्या शिक्षकाला हे सगळ्यात जड जातं.

८. फक्त जेआर-३ बोलतात, बाकीचे माना डोलावतात. काय करावं?

आपल्याकडे वरिष्ठापुढे ‘मला माहीत नाही’ म्हणणं कठीण आहे, आणि तेच म्हणता येण्यावर पीबीएल चालतं. चर्चा चालवायचं काम जेआर-१ ला द्या आणि जेआर-३ ला शेवटी बोलायचा नियम करा. सुरुवातीला प्रत्येकाने दोन मिनिटं चिठ्ठीवर आपली शंका लिहावी आणि चिठ्ठ्या मिसळून वाचाव्यात. मग कोणाची शंका ‘साधी’ हे कळतच नाही. फॅसिलिटेटरने स्वतः एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं सांगून ती वाचायच्या यादीत घातली, की खोलीतलं वातावरण बदलतं. त्या गटातल्या कोणालाही इथल्या उत्तरावरून राउंडला बोललं जाणार नाही, हे प्रमुखांनीही पाळायला हवं.

९. भाषा कोणती ठेवायची?

चर्चा मराठी, हिंदी, इंग्रजी, जी येईल ती. फळ्यावरचे मुद्दे इंग्रजीत, कारण पुस्तकं आणि परीक्षा त्या भाषेत आहेत. रेसिडेंट देशभरातून येतात, त्यामुळे समस्येतली रुग्णाची वाक्यं मराठी न येणाऱ्यांना गटातल्याच कोणीतरी समजावून द्यावी. ओपीडीत त्यांना त्याचा लगेच उपयोग होतो.

१०. सर्जरी, भूलशास्त्र, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजीला हे जमतं का?

जमतं, समस्या त्यांच्या टेबलावरची हवी. विदर्भात सिकलसेल एवढा एकच विषय सगळ्यांना पुरतो. भूलशास्त्र: सिकलसेलच्या मुलीला अपेंडिक्ससाठी घ्यायचं आहे, शस्त्रक्रियागृह गार, चार तास उपाशी आणि कोरडी. थंडी, पाण्याची आणि ऑक्सिजनची कमतरता यांपैकी काय आधी दुरुस्त करायचं? अस्थिरोग: विशीतला मुलगा, लंगडतो, एक्स-रे नॉर्मल. खुब्याचा रक्तपुरवठा कमी झाल्याचं एमआरआयवर एक्स-रेच्या आधी दिसतं, हे रेडिओलॉजीच्या रेसिडेंटने सांगावं. पॅथॉलॉजी: सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, वाहक की रुग्ण हे तेवढ्यावरून कळत नाही, आणि एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) नमुना रक्त चढवल्यानंतर घेतलेला आहे. आता रिपोर्टवर काय लिहाल? विभाग एकत्र बसले तर एकाच रुग्णाच्या या बाजू एकमेकांना दिसतात. नुसतं कौशल्य शिकवायचं असेल तर प्रश्न १७ पाहा.

११. याने परीक्षेत गुण वाढतात का?

गुणांसाठी हे करू नका. १९९३ साली पीबीएलवरच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. एकूण चित्र असं निघालं की विद्यार्थ्यांना ही पद्धत जास्त आवडते, रुग्णावरच्या कामात ते सरस किंवा बरोबरीचे ठरतात, आणि मूलभूत विषयांच्या परीक्षांत मात्र काही ठिकाणी मागे पडतात. हे अभ्यास मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत. २००६ साली शिक्षण-मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने ठणकावून सांगितलं की नवख्याला फार मोकळं सोडलं तर तो कमी शिकतो. या टीकेत तथ्य आहे. म्हणूनच पहिल्या सहामाहीतल्या जेआर-१ ना आधी थेट शिकवावं, समस्येत जास्त खुणा द्याव्यात, आणि पुढे हात सैल करत जावं. एमडी-एमएसच्या थिअरीसाठी वेगळं वाचन लागेलच.

१२. उत्तर मोबाइलवर, आता तर चॅटबॉटवर, दोन मिनिटांत मिळतं. मग चार दिवस कशाला?

मोबाइल बंद करायला लावू नका. उत्तर आणणाऱ्याला दुसऱ्या बैठकीत दोन गोष्टी विचारा: हे मुळात कुठून आलं, आणि आपल्या रुग्णाला लागू पडतं का? सर्पदंशाचंच घ्या. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकत्र चालणारं आहे, तर दुसऱ्या देशातल्या मजकुरात एकेका सापाचं वेगळं औषध आणि वेगळं प्रमाण असू शकतं. मूळ स्रोत उघडून न पाहता आणलेलं उत्तर फळ्यावर लिहायचं नाही, एवढा एक नियम पुरे.

१३. लॉगबुकमध्ये याची नोंद कशी करायची?

तारीख, समस्येचा विषय, स्वतः वाचलेला मुद्दा, वापरलेला स्रोत आणि वॉर्डात काय बदललं, अशा पाच ओळी. गुण द्यायचे असतील तर हजेरी आणि तयारीचे द्या, बरोबर निदानाचे देऊ नका. निदानाला गुण लावले की लोक सिनियरकडून उत्तर आधीच काढून आणतात.

१४. जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या रेसिडेंटचं काय?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार जिल्हा निवासी कार्यक्रमाचे तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये असतात. या काळात ते गटातून तुटतात. दुसरी बैठक व्हिडिओवर जमते, पहिली नाही जमत, फळ्यावरची धावपळ स्क्रीनवर होत नाही. त्यापेक्षा त्यांच्याकडून समस्या मागवा. एमआरआय नाही, रात्री सोनोग्राफी नाही, नागपूर तीन तास दूर, आणि रेफर करायचं की थांबायचं, हे त्यांच्याइतकं खरं कोणी लिहू शकत नाही.

१५. गटातल्या एकाने तो रुग्ण स्वतः पाहिलेला असेल तर?

त्याला फळ्यावर लिहायचं काम द्या, त्याने उत्तराकडे नेणारं काही बोलायचं नाही. निम्म्या गटाला माहीत असेल तर एक महत्त्वाची गोष्ट बदला, मण्यारच्या जागी घोणस करा. रक्त गोठत नाही म्हटल्यावर अख्खी चर्चा फिरते.

१६. मृत्यू झालेल्या किंवा सध्या वॉर्डात असलेल्या रुग्णावर सत्र घ्यावं का?

सध्या दाखल रुग्णावर नको. चार दिवसांनी मिळणाऱ्या उत्तरासाठी कोणाचाही उपचार थांबता कामा नये. चर्चा चालू असताना गटाच्या लक्षात आलं की असाच रुग्ण आत्ता वॉर्डात आहे आणि काहीतरी राहून गेलंय, तर सत्र तिथेच थांबवून फोन लावा. चर्चेत कोणी औषधाचा डोस चुकीचा सांगितला, तर ती दुरुस्त करायला दुसऱ्या बैठकीची वाट पाहू नका. ‘गटाला स्वतः शोधू द्या’ हा नियम इथे लागू नाही.

मृत्यूची केस घेता येते, पण लगेच नाही आणि मृत्यू-आढाव्याच्या बैठकीच्या जागी तर मुळीच नाही. तिथे जबाबदारी तपासायची असते, इथे शिकायचं असतं. दोन्ही एकत्र केलं तर दोन्ही बिघडतं. नाव, गाव, वय, तारीख बदला. उपचार करणाऱ्या रेसिडेंटला आधी एकट्याने भेटून विचारा, आणि तो नको म्हणाला तर दुसरी समस्या घ्या. रात्रभर एखाद्या माणसासाठी झटलेल्या मुलाला पुन्हा त्या कागदासमोर बसवण्याइतकं कोणतंही सत्र महत्त्वाचं नसतं.

१७. पीबीएल अजिबात वापरू नये असे विषय आहेत का?

आहेत. नळी टाकणं, सीपीआर, सेंट्रल लाइन ही हाताची कामं आहेत, ती मॅनिकिनवर आणि वरिष्ठाच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा करूनच येतात. मेडिकोलीगल नोंदी, रक्त चढवण्यापूर्वीची तपासणी, ठरलेले प्रोटोकॉल इथे चर्चेला जागा नाही, सरळ शिकवा आणि करून घ्या. आणि जुने रेसिडेंट परीक्षेला, नवे प्रवेश अजून यायचे, अशा काळात विभागात माणसंच कमी असतील, तर ते दोन महिने पीबीएल बंद ठेवा. नवी तुकडी स्थिरावली की उन्हाळ्याच्या नाहीतर पावसाळ्याच्या एका समस्येने पुन्हा सुरू करा.